भारतप्रवेश, डच प्रवाशांचा

नेदर्लंड्सच्या नागरिकास भारतात येण्यासाठी जी अनुज्ञा मिळवावी लागते आणि येथील वास्तव्यात जी बंधने पाळावी लागतात, त्यांचा विचार या नोंदीत केला आहे. पारपत्र हे प्रवाशाच्या स्वतःच्या राज्याने दिलेले ओळखीचे व राष्ट्रीयत्वाचे प्रमाणपत्र होय. तर प्रवेशपत्र, ज्यास व्यवहारात व्हिसा म्हणतात, ही ज्या राज्यात जावयाचे त्या राज्याने दिलेली अनुज्ञा होय. व्हिसा हा शब्द ‘पाहिलेला कागद’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगावरून आला आहे. परदेशस्थ अधिकाऱ्याने पारपत्र पाहिले, एवढाच मुळात त्याचा अर्थ. त्यामुळे प्रवेशपत्र हाती असले, तरी प्रवेशाचा हक्क प्राप्त होत नाही. दारावरचा अधिकारी कारण आढळल्यास प्रवाशास परत पाठवू शकतो.

परकीयाच्या प्रवेशावरील नियंत्रण तीन ठिकाणी चालते. प्रवासी निघण्यापूर्वी त्याचा अर्ज तपासला जातो, राज्याच्या दारात त्याची कागदपत्रे पाहिली जातात आणि तो जेथे मुक्काम करतो तेथून त्याची वर्दी दिली जाते. बंदरे आणि विमानतळ यांविषयी लिहिताना पहिल्या दोहोंचाच विचार होतो. धाराशिवसारख्या अंतर्भागातील जिल्ह्यात मात्र तिसऱ्याचे महत्त्व सर्वाधिक आहे. या जिल्ह्यास समुद्रकिनारा नाही, परराष्ट्राची सरहद्द नाही आणि आंतरराष्ट्रीय विमानतळही नाही. तुळजापूर, नळदुर्ग, परांडा किंवा तेर पाहण्यास आलेल्या डच प्रवाशाचा भारतीय कायद्याशी येथे जो संबंध येतो, तो बहुधा त्याच्या यजमानामार्फतच येतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : परकीय व्यापाऱ्यांना हा प्रदेश फार पूर्वीपासून परिचित होता. इ. स. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात उल्लेखिलेले तगर नगर म्हणजेच धाराशिव जिल्ह्यातील तेर होय. पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या अंतरावर ते असल्याचे तेथे म्हटले आहे. त्या काळी येणाऱ्या-जाणाऱ्यांची तपासणी कशी होत असे, याची कल्पना कौटिलीय अर्थशास्त्रावरून येते. त्यात ‘मुद्राध्यक्ष’ नावाचा अधिकारी सांगितला असून एक माषक घेऊन त्याने प्रवाशास मुद्रा द्यावी, मुद्रा असेल त्यासच जनपदात प्रवेश करू द्यावा व बाहेर जाऊ द्यावे, असे विधान आहे. मुद्रेविना प्रवास करणाऱ्यास बारा पणांचा दंड आहे. बनावट मुद्रा बाळगणाऱ्या स्वकीयापेक्षा परकीयास होणारा दंड अधिक कडक आहे. याहूनही लक्षणीय भाग नगराच्या व्यवस्थेसंबंधीच्या प्रकरणात आढळतो. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने काही प्रकारच्या वाटसरूंची वर्दी देऊन मगच त्यांना जागा द्यावी आणि गृहस्थानेही आपल्या घरी आलेल्या व घरून गेलेल्या पाहुण्याची खबर द्यावी. न दिल्यास त्या रात्री घडलेल्या गुन्ह्याचा दोष त्याच्याकडे यावा, असा तो नियम आहे. हा ग्रंथ नेमका कोणत्या काळातील, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. शिवाय तो आदर्श राज्यव्यवस्था सांगतो; ती सर्वत्र तशीच अंमलात होती, असे गृहीत धरता येत नाही. तथापि पाहुण्यासाठी यजमानास जबाबदार धरण्याची कल्पना भारतास नवी नाही, एवढे त्यावरून दिसते.

डचांचा दख्खनशी संबंध १६०२ साली त्यांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाल्यानंतर आला. पूर्व किनाऱ्यावर मच्छलीपट्टण व पुलिकत, पश्चिमेस सुरत अशा वखारी त्यांनी उघडल्या. समुद्रावर त्या वेळी पोर्तुगीजांचा ‘कार्ताझ’ चालत असे. हा समुद्रावरील परवानाच होता, आणि तो नसलेले जहाज पोर्तुगीज पकडीत. या वर्चस्वास शह देण्यासाठी डचांनी १६३६ पासून गोव्याची नाकेबंदी आरंभिली. आरमारास पाणी, तांदूळ व अन्य शिधा मिळण्यासाठी जवळचे एखादे बंदर त्यांना हवे होते. हे बंदर आदिलशाही मुलखात असल्याने प्रवेशाची अनुज्ञा विजापुरास जाऊनच मिळवणे प्राप्त होते. १६३७ मध्ये योहान व्हान ट्विस्ट हा डच वकील मुहम्मद आदिलशाहाच्या दरबारी गेला आणि वेंगुर्ल्यास वखार घालण्याची परवानगी त्याने मिळविली. त्या वखारीचे अवशेष सिंधुदुर्ग जिल्ह्यात आजही उभे आहेत. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्न्ये याने वेंगुर्ल्यास भेट दिली होती, व डच जहाजे तेथे शिधापाणी घेत असल्याचे त्याने लिहून ठेवले आहे.

याच राज्याचा एक बळकट किल्ला म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्ग. तेथील बोरी नदीवरील बंधाऱ्यात बांधलेला पाणीमहाल दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत १६१३ च्या सुमारास पूर्ण झाला. वेंगुर्ल्याहून विजापूरपर्यंत मिळालेली अनुज्ञा नळदुर्गाकडे येताना पुरेशी ठरेलच, असे नव्हते. दरबाराचे फर्मान हे राजाचे वचन असे. प्रत्यक्ष वाटेवर उपयोगी पडे ते ‘दस्तक’. त्यात प्रवाशाचे नाव, बरोबरची माणसे, जनावरे आणि माल यांचा उल्लेख करून नाकेदारांनी अडवू नये, अशी आज्ञा असे. परंतु प्रत्येक चौकीवर ते दाखवावे लागे आणि राहदारीची मागणी होतच असे. फर्मान हाती असूनही चौकीवर पैसे द्यावे लागल्याच्या तक्रारी तत्कालीन यूरोपीय कंपन्यांच्या कागदपत्रांत वारंवार येतात. आजचा प्रवेशाधिकारी एकाच दारात बसतो. त्या काळी दारे वाटेवर विखुरलेली होती. ‘दस्तक’ हा शब्द मराठीत पारपत्राच्याच अर्थाने रूढ होता, हे येथे नमूद करण्यासारखे आहे.

अनुज्ञेबरोबर अटी येतात, याचे एक बोलके उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात आहे. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी छत्रपती शिवाजी महाराजांनी डचांना जो कौल दिला, त्यात आपल्या मुलखात माणसांची गुलाम म्हणून खरेदी-विक्री करण्यास त्यांना मनाई केली होती. व्यापारास मुभा देतानाच व्यापाऱ्याच्या वर्तनावर मर्यादा घालणारा हा दस्तऐवज आहे. वेंगुर्ल्याची वखार सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी सोडली आणि महाराष्ट्रातील त्यांचे अस्तित्व संपुष्टात आले.

निजामाच्या काळातील सरहद्द : एकोणिसाव्या शतकात व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या जिल्ह्याची स्थिती विलक्षण होती. सोलापूर व बार्शी हा मुलूख ब्रिटिश अंमलाखाली, तर तेथून काही कोसांवरील तुळजापूर आणि उस्मानाबाद हैदराबाद संस्थानात. संस्थानचे परराष्ट्रसंबंध ब्रिटिशांकडे असल्याने मुंबईच्या बंदरात उतरलेल्या परकीयाचे पारपत्र तेथेच पाहिले जाई. पण सोलापूरहून तुळजापुरास निघालेल्या यात्रेकरूस, तो पुण्याचा असो की परदेशचा, संस्थानचे वेगळे नाणे, वेगळे टपाल आणि करोडगिरीचे नाके भेटत. करोडगिरी म्हणजे निजामाचे सीमाशुल्क खाते. जुन्या पिढीच्या आठवणींत ‘मोगलाईत जाणे’ असा शब्दप्रयोग आढळतो, तो याच सरहद्दीमुळे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेले भारतीय सैन्य नळदुर्ग येथे संस्थानात शिरले आणि काही दिवसांतच ही सरहद्द निरर्थक झाली. १९५६ मध्ये जिल्हा मुंबई राज्यात आला व १९६० पासून तो महाराष्ट्रात आहे. १९८२ मध्ये त्यातून लातूर जिल्हा वेगळा करण्यात आला आणि २०२३ मध्ये उस्मानाबाद हे नाव बदलून धाराशिव असे करण्यात आले. जुन्या नकाशावर विसंबणाऱ्या परदेशी प्रवाशाने हा नामबदल ध्यानात ठेवणे बरे.

कायद्याची चौकट : पहिल्या महायुद्धापूर्वी जगाच्या बऱ्याच भागांत पारपत्राविना प्रवास करता येत असे. युद्धाने ती मोकळीक संपविली. १९२० मध्ये राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिस येथे भरलेल्या परिषदेत पारपत्र-पुस्तिकेच्या नमुन्याविषयी शिफारशी झाल्या, आणि त्याच वर्षी भारतात येणाऱ्यास पारपत्र बाळगण्याची सक्ती करता येईल असा कायदा येथे संमत झाला. पुढे १९३९ मध्ये परकीयांच्या नोंदणीचा आणि १९४६ मध्ये परकीयांसंबंधीचा मुख्य कायदा झाला. हे तिन्ही कायदे पारतंत्र्यातील, त्यातील दुसरा तर युद्धाच्या वर्षातला. तरीही स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे त्यांवरच कारभार चालला. १ सप्टेंबर २०२५ पासून ‘आप्रवास व परकीय नागरिक अधिनियम, २०२५’ अंमलात आला. वरील तीन आणि प्रवासी वाहून आणणाऱ्या कंपन्यांच्या दायित्वाविषयीचा २००० चा अधिनियम असे चार कायदे त्याने रद्द केले. वैध पारपत्र वा प्रवेशपत्राविना प्रवेश केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मुदतीपलीकडे राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशा शिक्षा त्यात आहेत. बनावट कागदपत्रांसाठीच्या शिक्षा याहून कठोर आहेत.

प्रवेशपत्राचे प्रकार : भारतात येणाऱ्या डच नागरिकास प्रवेशपत्र आवश्यक आहे. ते हेग येथील भारतीय राजदूतावासाच्या व्यवस्थेतून पारपत्रावर घेता येते किंवा संगणकाद्वारे अर्ज करून ई-प्रवेशपत्राच्या स्वरूपात मिळविता येते. ही दुसरी पद्धत भारताने नोव्हेंबर २०१४ मध्ये मोजक्या देशांसाठी सुरू केली आणि नंतर वाढविली. पर्यटनासाठीचे ई-प्रवेशपत्र तीस दिवसांचे, एक वर्षाचे व पाच वर्षांचे असते. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे प्रवेशपत्रे स्थगित झाली होती. पर्यटकांसाठी दारे २०२१ च्या अखेरीस टप्प्याटप्प्याने उघडली. अर्जदाराचे पारपत्र निदान सहा महिने वैध असावे लागते व त्यात शिक्क्यांसाठी दोन पाने कोरी असावी लागतात. ई-प्रवेशपत्र विमानतळावर उतरल्यावर मागता येत नाही. ते निघण्यापूर्वीच मंजूर झालेले असले पाहिजे, आणि ते ठरावीक विमानतळांवर व बंदरांतच चालते. धाराशिवला येणाऱ्यास मुंबई, पुणे व हैदराबाद ही ठिकाणे सोयीची आहेत. तेथे बोटांचे ठसे व छायाचित्र घेतले जाते. ऑक्टोबर २०२५ पासून आगमनाचा तपशील प्रवासापूर्वी संगणकावर भरण्याची सोयही झाली आहे. शासकीय संकेतस्थळासारखी दिसणारी आणि जादा पैसे उकळणारी खाजगी संकेतस्थळे पुष्कळ असल्याने अर्ज करताना सावध राहावे लागते.

काही अटी डच प्रवाशांपैकी विशिष्ट गटांना लागू पडतात. पाकिस्तानी मूळ असलेल्या डच नागरिकास ई-प्रवेशपत्राची सोय नाही. त्याला राजदूतावासाकडेच अर्ज करावा लागतो. सुरिनामशी कौटुंबिक संबंध असलेली बरीच माणसे नेदर्लंड्समध्ये राहतात. १८७३ पासून वेठकरारावर कलकत्त्याहून तेथे नेलेल्या भारतीयांचे वंशजही त्यांत आहेत. सुरिनाम हा पीतज्वराचा प्रदेश मानला जात असल्याने तेथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात पोहोचणाऱ्यास लस घेतल्याचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, अन्यथा विलगीकरणात राहावे लागते. अॅम्स्टरडॅमहून थेट येणाऱ्यास हा नियम लागू नाही.

प्रवेशपत्राचा प्रकार प्रवासाच्या हेतूवरून ठरतो, आणि प्रमाद बहुधा येथेच होतात. तेरच्या संग्रहालयातील मृण्मूर्ती पाहणे किंवा धाराशिवजवळची लेणी पाहणे हे पर्यटन होय. तुळजाभवानीचे दर्शन घेण्यासही पर्यटकाचे प्रवेशपत्र पुरते. मात्र धर्मप्रचार करता येत नाही. तेर येथे उत्खननात भाग घ्यावयाचा, गावोगाव फिरून शास्त्रीय पाहणी करावयाची किंवा वृत्तपत्रासाठी लेखन करावयाचे असल्यास प्रवेशपत्र निराळे लागते. उत्खननासाठी तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अनुज्ञाही हवी. मुलाखती घेणारा अभ्यासक स्वतःस पर्यटक समजतो, कारण तो कोणाकडूनही वेतन घेत नसतो; कायदा वेतन पाहत नाही, काम पाहतो. ई-प्रवेशपत्राची मुदत वाढवून मिळत नाही व त्याचा प्रकारही सहसा बदलता येत नाही, त्यामुळे ही चूक येथे आल्यावर सुधारता येत नाही.

मुक्कामाची वर्दी : एकशे ऐंशी दिवसांहून अधिक मुदतीच्या प्रवेशपत्रावर दीर्घ वास्तव्यासाठी येणाऱ्या परकीयास आगमनापासून चौदा दिवसांच्या आत नोंदणी करावी लागते. मोठ्या शहरांत यासाठी स्वतंत्र प्रादेशिक कार्यालये आहेत. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकाकडे असते. अल्पकालीन पर्यटकास या नोंदणीची गरज पडत नाही. त्याच्या वास्तव्याची वर्दी देण्याचे काम त्याला उतरवून घेणाऱ्याचे आहे. परकीय पाहुणा आल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याचे नाव, पारपत्र व प्रवेशपत्र यांचा तपशील नोंदणी अधिकाऱ्याकडे कळवावा लागतो. ‘फॉर्म सी’ या नावाने ही वर्दी वर्षानुवर्षे ओळखली गेली व ती आता संगणकावर भरली जाते. हे दायित्व केवळ हॉटेलांवर नाही. धर्मशाळा, अतिथिगृहे, वसतिगृहे आणि खाजगी घरे यांचाही त्यात अंतर्भाव होतो.

तुळजापुरात याला विशेष अर्थ आहे. येथे यात्रेकरूने आपल्या घराण्याच्या परंपरागत पुजाऱ्याकडे उतरण्याची जुनी चाल आहे. भोपे व पाळीकर अशा पुजारी घराण्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे यजमान ठरलेले असतात; घरी उतरायचे, देवीची पूजा करायची आणि प्रसाद घेऊन परतायचे, असा क्रम असतो. येणारा कोण, हे पुजाऱ्यास त्याच्या आडनावावरून व मूळ गावावरून कळते. त्याचे पारपत्र कोणत्या देशाचे आहे, हे विचारण्याचा प्रसंग पूर्वी क्वचितच येई. आता तो येतो. देवीच्या दर्शनास आलेल्या मराठी माणसाचे पारपत्र डच असेल, तर कायद्याच्या दृष्टीने तो परकीय नागरिक आहे.

मराठी वंशाचे डच नागरिक : नोकरीच्या निमित्ताने नेदर्लंड्समध्ये गेलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न नागरिकत्व स्वीकारताना उभा राहतो. डच कायदा, काही अपवाद सोडल्यास, नवे नागरिकत्व घेणाऱ्याने पूर्वीचे सोडावे अशी अपेक्षा करतो. भारताचा नागरिकत्व अधिनियम, १९५५ तर अपवादही ठेवत नाही. परदेशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेताच भारतीय नागरिकत्व आपोआप संपते. मग जुने भारतीय पारपत्र वापरून प्रवास करणे हा अपराध ठरतो. ते भारतीय दूतावासाकडे परत करून तसे प्रमाणपत्र घ्यावे लागते. एकाच घरात पतीचे पारपत्र भारतीय व पत्नीचे डच, अशी स्थितीही असू शकते. विमानतळावर त्यांच्या रांगा वेगळ्या होतात.

अशा व्यक्तींसाठी ‘भारताचा परदेशस्थ नागरिक’ ही योजना आहे. तिचे इंग्रजी संक्षिप्त रूप ओसीआय असे होते. ती डिसेंबर २००५ मध्ये सुरू झाली, आणि १९९९ पासून चालू असलेले भारतीय वंशाच्या व्यक्तींचे पत्र २०१५ मध्ये तीतच विलीन करण्यात आले. नावात ‘नागरिक’ शब्द असला तरी हे नागरिकत्व नव्हे. ते आजीव, अनेकवार प्रवेशाचे प्रवेशपत्र आहे, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. धारकास नोंदणीची आवश्यकता नसते. त्याला मतदानाचा अधिकार नसतो आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित शेती वारसाहक्काने मात्र त्याच्याकडे येऊ शकते. धाराशिवसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यातून परदेशी गेलेल्यांना हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार संशोधन, पत्रकारिता, धर्मप्रचार व गिर्यारोहण यांसाठी या धारकासही वेगळी परवानगी घ्यावी लागते. म्हणजे तेरला जन्मलेला मराठी डच नागरिक आपल्या गावी हवा तेव्हा येऊ शकतो. गावातील पांढरीच्या टेकाडांवर संशोधन करण्यासाठी मात्र त्याने विचारून आले पाहिजे.

अर्ज करताना नावाची अडचण हमखास येते. मराठी रिवाजाप्रमाणे विवाहानंतर स्त्रीचे मधले नाव व आडनाव बदलते आणि भारतीय कागदपत्रांत ते बदललेले रूप येते. डच पारपत्रावर तिचे जन्मनाव प्रमुख असते व पतीचे नाव त्यास जोडून स्वतंत्रपणे दाखविलेले असते. परिणामी जन्मदाखला, जुने पारपत्र, विवाहाचा दाखला आणि नवे पारपत्र या चार कागदांवर एकाच स्त्रीची वेगवेगळी नावे दिसू शकतात. निजामाच्या राजवटीत जन्मलेल्या आजी-आजोबांचे पुरावे द्यावयाचे असल्यास भर पडते ती उर्दू वा मोडी लिपीतील नोंदींची. त्यांचे लिप्यंतर करून प्रमाणित भाषांतर जोडावे लागते.

परस्परता हे प्रवेशपत्र-व्यवहाराचे तत्त्व मानले जाते. परंतु भारत व नेदर्लंड्स यांच्यात ती समसमान नाही. नेदर्लंड्स हा १९८५ च्या शेंगेन कराराच्या पाच मूळ स्वाक्षरीकर्त्यांपैकी एक. त्यामुळे तुळजापूरहून मुलाला भेटण्यास निघालेल्या भारतीय मातापित्यांना शेंगेन प्रवेशपत्र घ्यावे लागते आणि कोणत्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवसांहून अधिक राहता येत नाही. त्यासाठी उत्पन्नाचे पुरावे, प्रवासी विमा व प्रत्यक्ष उपस्थिती आवश्यक असते. उलट दिशेने येणाऱ्या डच पर्यटकास घरबसल्या अर्ज करून भागते, आणि ओसीआय धारक मुलास तोही करावा लागत नाही. [⟶ नागरिकत्व, पारपत्र].